लक्षवेधी नेमकी कोणाची? सर्वपक्षीय प्रवक्त्यांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातले सर्व पक्ष, सर्व गट आणि गटातून फुटून उरलेले गट यांचे मुख्य प्रवक्ते, सहमुख्य प्रवक्ते, नुसते प्रवक्ते, आणि ज्यांना पक्षाने अजून कसलंच पद दिलेलं नाही पण तरी जे रोज सकाळी नऊ-साडेनऊला बाईट देतातच असे सगळे,

सा. न. वि. वि.

पत्र लांबणार आहे हे आधीच सांगतो. वीस सेकंदांच्या वर दुसऱ्याचं ऐकायची सवय तुम्हाला राहिलेली नाही हे माहितीये, पण आमचीही तुम्हाला रोज तासभर ऐकायची इच्छा नसते आणि तरी ऐकतोच की, तेव्हा एक दिवस तुम्ही सोसा.

आधी ओळख. मी साडेतीन वर्षं एका न्यूज चॅनेलचा तालुक्याचा स्ट्रिंजर होतो. स्ट्रिंजर म्हणजे तुमच्या प्रेसमध्ये बूम, म्हणजे चॅनेलचा माइक, धरून पुढे गुडघ्यावर बसलेला तो पोरगा ज्याला तुम्ही म्हणता, "ए बाळा, बूम जरा खाली घे, चेहरा झाकतोय." पगार नाही, जेवढ्या बातम्या लागतील तेवढे पैसे, नाही लागली तर पेट्रोल आपलं. म्हणजे तुम्ही काहीतरी भन्नाट बोललात आणि ते दिवसभर वाजलं तरच माझ्या घरात किराणा यायचा. तुमच्यातला कोणी चुकून पाणीपुरवठ्याच्या योजनेवर व्यवस्थित बोलला तर डेस्कवरून फोन यायचा, हे काय पाठवलंयस, जरा तापलेलं पाठव. त्यामुळे पुढे जे काही लिहितोय त्यात मी स्वतःला बाजूला ठेवलेलं नाही, निम्मा गुन्हा माझाही आहे, फक्त मी तो सोडला आणि तुमचा अजून चालू आहे.

एक जोडे मारो आंदोलन आठवतंय. मुख्य चौक, दहा-बारा कार्यकर्ते, फ्लेक्सवर छापलेला विरोधी नेत्याचा फोटो. मला पोचायला उशीर झाला, तोवर जोडे मारून झालेले आणि मंडळी टपरीवर चहा घेत उभी. मी म्हटलं, दादा मला शॉट नाही मिळाला. तालुकाध्यक्ष अजिबात चिडले नाहीत, म्हणाले "काय हरकत नाही, परत मारू," आणि अर्धे प्यालेले कप कठड्यावर ठेवून सगळे परत आले, परत चपला काढल्या, परत तोच संताप, त्याच घोषणा, एकाने तर मला विचारलं की मी जरा डावीकडून मारू का म्हणजे मागची गर्दी दिसेल. गर्दी म्हणजे सिग्नलला थांबलेले टू-व्हीलरवाले. रात्री पट्टी आली, 'संतप्त कार्यकर्त्यांचा उद्रेक'. त्या उद्रेकाचा टेक टू मी स्वतः घेतला होता.

हे वाचून तुम्ही हसाल आणि मीही हसतोय. पुढचं सांगताना मात्र मला अजून हसू येत नाही.

२०१९ चा परतीचा पाऊस. २४ ऑक्टोबरला विधानसभेचा निकाल लागला आणि पाऊस काही थांबेना. माझ्या चुलत्यांचं साडेतीन एकर सोयाबीन होतं, काढणीला आलेलं. सखल भागात पाणी साचून राहिलं, शेंगांना झाडावरच कोंब फुटले. वरच्या अंगाला बांधालगत मात्र पट्टाभर पीक बरं होतं, निदान तेवढं तरी हाताला लागेल म्हणून चुलते ओल उतरून वापसा यायची वाट बघत होते. तेवढ्यात निरोप आला, एक मोठे नेते पाहणीला येणार. कोणत्या पक्षाचे ते सांगत नाही, सांगितलं तर अर्धे वाचक इथेच खूश होतील आणि उरलेले अर्धे इथेच पत्र बंद करतील. आठ-नऊ गाड्या आल्या. नेते बांधापर्यंत आले, खालचा चिखल बघितला, पायातल्या बुटांकडे बघितलं आणि थांबले. खराब पीक तिथून पन्नास पावलांवर होतं. मग एका कार्यकर्त्याने चटकन वाकून बांधालगतच्या बऱ्या पट्ट्यातली तीन-चार झाडं उपटली आणि साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी ती कॅमेऱ्यांपुढे धरली आणि म्हणाले, बघा बळीराजाची काय अवस्था झालीये. मी कॅमेऱ्यामागे होतो. माझे चुलते, आमचं शेत, आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "साहेब, झाड जरा वर धरा, फ्रेममध्ये येत नाहीये."

साहेबांनी वर धरलं.

चुलत्यांना दोन प्रश्न विचारले गेले, त्यातल्या दुसऱ्याचं उत्तर चालू असतानाच गाडीचं दार लागलं. एकूण अकरा मिनिटं. हे अंदाजाने सांगत नाहीये, माझ्या फुटेजच्या टाइमकोडवरून सांगतोय.

त्या रात्री चर्चेला तुम्हीच होतात. नाव-गाव सोडा, तुमच्यातलेच तिघं-चौघं. विषय होता बांधावर आधी कोण गेलं. अख्ख्या चर्चेत कोणी एवढं सांगितलं नाही की नुकसान ३३ टक्क्यांच्या वर दाखवलं गेलं तरच मदत बसते, की केंद्राच्या निकषात ही मदत दोन हेक्टरपर्यंतच मिळते, की पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक मिळून करतात आणि एकेका तलाठ्याकडे तीन-तीन चार-चार गावं असतात, त्यामुळे तोवर शेतकऱ्याने पीक तसंच ठेवायचं का काढून टाकायचं हाच खरा घोर असतो. हे सांगायला दोन मिनिटं पुरली असती. चुलते टीव्हीसमोर बसून त्या दोन मिनिटांचीच वाट बघत होते, कारण त्यांना हेच कळत नव्हतं की सडलेलं सोयाबीन उपसून रब्बीची तयारी केली तर पंचनाम्यात काय दाखवायचं. तुम्ही मात्र एकमेकांच्या नेत्यांचे जुने फोटो दाखवत होतात, कोणाच्या पायात गमबूट होते आणि कोणाच्या नव्हते.

त्यानंतर काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे, तरी तारखा परत एकदा ओळीने लावून बघा. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट. १६ ला राज्यपालांनी खरिपाला हेक्टरी ८ हजार आणि फळबागांना १८ हजार जाहीर केले. २३ ला तो पहाटेचा शपथविधी, २६ ला राजीनामा, २८ ला शिवाजी पार्कवर दुसरा शपथविधी. हे सगळं चालू असताना आमच्याकडे कोंब फुटलेल्या शेंगांचा वास यायचा, कुजक्या गवतासारखा, तो कॅमेऱ्यात येत नाही ही एक अडचणच आहे. आणि त्याच पावसात हेक्टरी २५ हजारांची मागणी झाली होती. मागणी करणारे महिन्याभरात सत्तेत आले. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात तोच २५ हजारांचा आकडा बॅनरवर घेऊन समोरची बाजू उभी होती आणि आधी मागणारी बाजू राज्याची तिजोरी कशी रिकामी आहे ते समजावत होती. आकडा तोच, शेतं तीच, फक्त बाकं बदलली.

हे बाकांचं कोडं काही एकदाचं नाही. मार्च २०१७ मध्ये कर्जमाफीसाठी गोंधळ घातला, बजेटच्या प्रती जाळल्या म्हणून काँग्रेस-राष्ट्रवादीचे १९ आमदार निलंबित झाले, तेव्हा सत्ताधारी सभागृहाच्या शिस्तीवर बोलत होते आणि विरोधक लोकशाहीच्या हत्येवर. ५ जुलै २०२१ ला भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले, तेव्हा शिस्त आणि हत्या हे दोन्ही शब्द तसेच्या तसे इकडून तिकडे गेले. (ते वर्षभराचं निलंबन पुढे २८ जानेवारी २०२२ ला सुप्रीम कोर्टाने रद्द केलं, तेव्हा दोघांनीही आपापला विजय साजरा करायचा प्रयत्न केला असता तरी मला नवल वाटलं नसतं.) मला तर वाटतं तुमच्या पक्षांच्या ऑफिसात एकच वही असणार, सत्ता बदलली की ती शेजारच्या ऑफिसात द्यायची.

आता मुद्द्याचा शब्द. लक्षवेधी.

विधिमंडळात लक्षवेधी सूचना म्हणून एक आयुध आहे, आपल्या विधानसभेत नियम १०५. तातडीच्या, सार्वजनिक महत्त्वाच्या प्रश्नाकडे आमदाराने मंत्र्याचं लक्ष वेधायचं, मंत्र्याने निवेदन करायचं, त्यावर उपप्रश्न. संसदेत ही पद्धत १९५४ पासून आहे आणि गंमत म्हणजे बाकी बरंच काही आपण ब्रिटिशांकडून उचललं पण हे आपल्याकडचं आहे, शून्य प्रहरासारखं. नाव किती सरळ आहे बघा, लक्ष वेधायचं. कोणाचं, तर सरकारचं. कशाकडे, तर प्रश्नाकडे. यात आमदाराच्या चेहऱ्याचा कुठेच संबंध येत नाही.

आणि होतं काय? २०२३ च्या मार्चमधलं बजेट अधिवेशन आठवा, लक्षवेधींसाठी सकाळी विशेष बैठक ठेवली आणि मंत्रीच आले नाहीत म्हणून लक्षवेधी पुढे ढकलाव्या लागल्या. म्हणजे लक्ष वेधायचं तर ज्याचं वेधायचं तोच गायब. त्याच आवारात बाहेर पायऱ्यांवर मात्र अधिवेशनाच्या दिवशी सकाळी कधीही बघा, हाउसफुल्ल. गळ्यात कांद्याच्या माळा, डोक्यावर टोप्या, हातात फलक, टाळ, काय वाट्टेल ते, आणि समोर कॅमेऱ्यांची रांग. २४ ऑगस्ट २०२२ ला त्याच पायऱ्यांवर दोन्ही बाजूंचे आमदार एकमेकांना भिडले, खोक्यांवरून घोषणा, धक्काबुक्की, आणि ते अधिवेशन कोणत्या वर्षीचं होतं, तर राज्यात अतिवृष्टीने पिकं गेली त्या वर्षीचं. आत त्या दिवशी अतिवृष्टीवर कोण काय बोललं हे तुमच्यातल्या एकाला तरी न बघता सांगता येईल? पायऱ्यांवर कोणी कोणाला ढकललं ते मात्र सगळ्यांना सांगता येईल, मलाही येईल.

इथे तुम्ही म्हणाल की आंदोलन हे दिसायलाच हवं, लपून कोण आंदोलन करतं. शंभर टक्के मान्य. मी काही मिरवणाऱ्यांच्या विरोधात नाही. १९७२ च्या आसपास मुंबईत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर पुढे होत्या, महागाईविरोधातला लाटणे मोर्चा. आता लाटणं हे काय कमी फोटोजेनिक आहे? आजच्या भाषेत तो स्टंटच होता, आणि मस्त स्टंट होता. पण लाटणं बघितलं की बघणाऱ्याला काय आठवायचं, तेल आणि रॉकेल, घरातला रिकामा डबा. गोरेगावच्या पाण्यासाठी भांडभांड भांडल्या म्हणून मृणालताईंना लोक पाणीवाली बाई म्हणायला लागले, त्या नावात पाणी आधी आहे आणि बाई नंतर. १९७७ ला त्या लोकसभेवर गेल्या तेव्हा लोकांनी घोषणा केली, पाणीवाली बाई दिल्लीत आणि दिल्लीवाली बाई (म्हणजे इंदिरा गांधी) पाण्यात. आता मला तुमच्यापैकी एकाचं असं नाव सांगा ज्यात प्रश्न आधी येतो. लोकांनी तुम्हाला ठेवलेली नावं मला माहिती आहेत पण ती इथे लिहिता येत नाहीत.

फुटेज खाणं हा शब्द आता कॉलेजातली पोरंसुद्धा वापरतात, मित्राच्या वाढदिवसाला दुसराच केक कापायला पुढे झाला की म्हणतात फुटेज खातो हा. त्यांना जे कळतं ते तुम्हाला कळत नाही असं मी मानत नाही. तुम्हाला चांगलं कळतं, म्हणून तर राग आहे.

बरं आता खोटेपणाचं. आपल्याकडे म्हण आहे, खोटं बोल पण रेटून बोल. त्या म्हणीत निदान एवढं गृहीत होतं की रेटून बोललं की समोरच्याला पटेल, म्हणजे खोटं बोलणाऱ्याला समोरच्याची थोडी तरी काळजी होती, पकडलं जाऊ नये म्हणून तो घाम गाळायचा. तुम्ही तोही गाळत नाही. सहा महिन्यांपूर्वीची तुमची क्लिप आणि आजची क्लिप शेजारी-शेजारी फिरते, शर्टसुद्धा कधीकधी तोच असतो, फक्त गळ्यातला गमछा बदललेला, आणि तुम्ही शांतपणे म्हणता, माझ्या वक्तव्याचा विपर्यास केला. कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी. 'असतील तर'! हे 'तर' काढून दाखवा एकदा, तेवढं जमलं तरी मी सत्कार करेन. माझं म्हणणं असं आहे की तुम्हाला आता विश्वास नकोच आहे. आम्ही खरं मानावं ही अपेक्षाच तुम्ही सोडलीये, फक्त दिवसभर तो विषय चालावा आणि संध्याकाळी समोरच्याने त्यावर उत्तर द्यावं, मग उद्या त्याच्या उत्तरावर तुमचं उत्तर. खोटं आता कोणाला फसवायला वापरलं जात नाही, वेळ भरायला वापरलं जातं. फसवणाऱ्याला निदान एक दिवस जाब तरी विचारता येतो, वेळ भरणाऱ्याला कोण काय विचारणार.

आणि कायदाही तुमच्याच बाजूने आहे, ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहितीये. उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात खोटी माहिती दिली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२५ए. निवडणुकीत एखाद्या उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं पसरवलं तर त्याच कायद्याच्या कलम १२३(४) खाली ती भ्रष्ट प्रथा. पण जाहीरनाम्यात चंद्र आणून देतो म्हणालात तर ती भ्रष्ट प्रथा ठरत नाही हे २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय, सभागृहात बोललात तर राज्यघटनेच्या १९४ कलमाचं संरक्षण, आणि स्टुडिओत बोललात तर, स्टुडिओत काय, ब्रेक के बाद.

पक्ष बदलण्याचंही तेच. १९६७ मध्ये हरियाणात गया लाल नावाच्या आमदाराने १५ दिवसांत तीनदा पक्ष बदलला, 'आया राम गया राम' हे नाव तिथून आलं, देशभर हसू झालं. मग १९८५ ला पक्षांतरबंदी आली, त्यात एक तृतीयांश फुटले तर चालेल अशी खिडकी ठेवली, २००३ ला ती बंद केली, दोन तृतीयांश आणि विलीनीकरणाची खिडकी राहिली. म्हणजे एकट्याने केली तर गद्दारी आणि घाऊक केली तर विलीनीकरण. बिचारा गया लाल किरकोळीत धंदा करत होता. आपल्याकडे तर १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांचा निकाल आला, खरी शिवसेना कोणती ते ठरलं, पण अपात्र दोन्हीकडचा एकही आमदार झाला नाही. कोण बरोबर कोण चूक यात मी आता पडत नाही, तुमच्याकडे दोन्हीची भाषणं तयार आहेत. मला फक्त एवढं नोंदवायचंय की दीड वर्ष तुम्ही रोज आम्हाला सांगत होतात की समोरचे सगळे घरी जाणार, आणि घरी कोणीच गेलं नाही.

बाय द वे, तुमचं कधीच एकमत होत नाही हेही खोटं आहे. जून २०१३ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सांगितलं की सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराखाली येतात. सहाच्या सहा पक्षांनी तो आदेश पाळला नाही. उजवे, डावे, मधले, सगळे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आमदारांच्या पगारवाढीचं विधेयक आपल्या विधिमंडळात चर्चेशिवाय मंजूर झालं, सभात्याग नाही, राजदंड पळवणं नाही, अध्यक्षांसमोरच्या वेलमध्ये कोणी उतरलं नाही, एवढी शांतता की टाचणी पडली तरी ऐकू आली असती. त्या दिवशी पायऱ्यांवर गर्दी कमी होती म्हणे.

एक गोष्ट मी कधी कोणाला सांगितली नव्हती. एका निवडणुकीच्या वेळी आमच्या जिल्ह्याच्या गावी ओबी व्हॅन आली होती, लाइव्ह चर्चा, मैदानात खुर्च्या. दोन पक्षांचे दोन जण, एकमेकांना हवेत फाडून खात होते, तू किती कोटी खाल्ले, तुझ्या नेत्याने कुठे तोंड काळं केलं, खालची पोरं खुर्च्या डोक्यावर घेऊन एकमेकांच्या अंगावर. चर्चा संपली, मी वायर गुंडाळत होतो. दोघंही मागच्या बाजूला एकाच गाडीत बसले, कारण एकाचा ड्रायव्हर जेवायला गेला होता. गाडीत बसताना एक दुसऱ्याला म्हणाला, "आज जरा जास्तच बोललास रे," आणि दुसरा म्हणाला, "पोरीची दहावी कशी चाललीये?"

मला त्या गाडीचा राग नाही. उलट ती गाडी बघून बरं वाटलं होतं, विरोधकाच्या पोरीची दहावी लक्षात ठेवणारा माणूस वाईट कसा असेल. माझी तक्रार अशी की तुमच्यातली ही एक बरी गोष्ट तुम्ही लपवता आणि वैराचं नाटक तेवढं दाखवता, आणि खाली मैदानात ज्यांनी खुर्च्या उचलल्या होत्या त्यांना ते नाटक आहे हे कोणी सांगत नाही.

त्यातल्या एका पोराला मी ओळखतो. आमच्याच गावचा. पक्षाने सांगितलं म्हणून त्याने विरोधी नेत्याचा पुतळा जाळला, पोलिसांशी झटापट झाली, शासकीय कामात अडथळा, ३५३ लागलं. त्याला वाटलं पक्ष बघून घेईल, तसं सांगितलंच होतं. पुढे सत्तेचं गणित बदललं, ज्याचा पुतळा जाळला तो नेता आणि ज्याच्यासाठी जाळला तो नेता एका स्टेजवर आले, एकमेकांना पेढा भरवतानाचा फोटो आहे. हा पोरगा अजून तारखेला जातो. दर वेळी अर्धा दिवस, मजुरी बुडते, वकील म्हणतो आज साहेब नाहीत, पुढची तारीख घ्या. पोलीस भरतीची तयारी करत होता तो, पहाटे उठून रनिंग करायचा, चारित्र्य पडताळणीत केस दिसणार म्हणून फॉर्मच भरला नाही आणि आता वयही गेलं. मध्यंतरी मला म्हणाला, "दादा, तुमच्याकडे त्या दिवसाचा व्हिडिओ असेल ना, त्यात मी पुतळ्यापासून लांब दिसतो का बघा." मी घरी येऊन जुनी हार्ड डिस्क लावून बघितला. लांब नव्हता. सगळ्यात पुढे तोच होता, कारण मी त्याला म्हटलं होतं, तू जरा पुढे ये, तुझा आवाज चांगला आहे.

राजकीय आंदोलनातल्या केसेस मागे घ्यायचे जीआर निघतात हे मला माहिती आहे. त्या यादीत मोठ्यांची नावं आधी येतात. तुम्ही प्रवक्ते आहात, तुमचे फोन उचलले जातात. तेव्हा हे पत्र वाचून मला उत्तर देण्यापेक्षा आपापल्या तालुक्यात तुमच्या शब्दावर उड्या मारून केस अंगावर घेतलेली किती पोरं आहेत त्याची यादी करा, आणि ज्यांच्याविरुद्ध ती उड्या मारत होती ते आज तुमच्याच शेजारी बसत असतील तर त्यांनाच सही करायला सांगा, सोपं जाईल.

दुसरं, पुढच्या अधिवेशनात पायऱ्यांवर यायचंच असेल तर या, कोणी अडवत नाही, कांद्याची माळही घाला. फक्त हातातल्या फलकावर मागच्या अधिवेशनातली आपली स्वतःची लक्षवेधी लिहा, विषय काय, मंत्र्याने काय आश्वासन दिलं आणि आज त्याचं काय झालं. विधिमंडळाची आश्वासन समिती आहे त्याच कामाला, तिथून माहिती काढता येते. कोणाचं लक्षवेधीचं खातं कोरं असेल तर कोरा फलक घेऊन उभं राहावं, तोही शॉट चांगला येईल.

आणि बांधावर गेलात तर चिखलात उतरा. बूट धुता येतात.

आता मला माहितीये याच्यावर काय येणार. पहिला प्रश्न, हा कोणत्या पक्षाचा. दुसरा, याला पैसे कोणी दिले. तिसरा तर ठरलेलाच, तेव्हा कुठे होतात, २०१९ ला कुठे होतात, २०२२ ला का नाही लिहिलंत. याचं उत्तर आताच देऊन ठेवतो. तेव्हा मी कॅमेऱ्याच्या मागे होतो आणि तुम्हाला थोडं डावीकडे सरका म्हणून सांगत होतो.

कळावे,
तुमचा एक माजी बूमवाला

ता. क. त्या पाहणीची क्लिप चुलत्यांच्या मोबाईलमध्ये अजून आहे, मीच पाठवली होती. पाहुणे आले की दाखवतात, आमचं शेत टीव्हीवर आलं होतं म्हणून. मागच्या दिवाळीला दाखवताना त्यांनी मध्येच पॉज केलं, दोन बोटांनी साहेबांचा हात मोठा करून बघितला आणि मला म्हणाले, "हे चांगलं झाड होतं बघ, शेंगा मोज."